‘चवीपुरते मीठ’ म्हणजे नेमके किती?

मोबाईलवर एखाद्या पदार्थाचे नाव टाकले की क्षणार्धात दहा-वीस चित्रफिती समोर हजर होतात. असे असताना पाककृतींचे पुस्तक कोणी पैसे मोजून का घ्यावे, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही पुस्तकांच्या दुकानातला पाकशास्त्राचा कप्पा ओस पडलेला नाही. त्याचे रूप मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार पालटले आहे. शंभर चटण्या, पन्नास लोणची अशा धाटणीच्या पातळ पुस्तिकांच्या शेजारी आता जाडजूड, सचित्र, बरीचशी इंग्रजी पुस्तके येऊन बसली आहेत. त्यांतली काही केवळ दिवाणखान्यातल्या टीपॉयची शोभा आहेत. काही मात्र खरोखर ओट्याशेजारी ठेवण्याच्या योग्यतेची आहेत. ही निवड कशी करावी, हे समजण्यासाठी आधी पाककृतीचे पुस्तक म्हणजे काय आणि ते कोणासाठी लिहिले जात होते, हे थोडे पाहावे लागते.

जुन्या पाकपुस्तकांचा एक अलिखित करार होता. वाचणाऱ्याला स्वयंपाक येतो, असे लेखिका धरून चाले. ‘कणीक नेहमीप्रमाणे भिजवावी’, ‘बेताचे तिखट घालावे’, ‘पाक झाला की उतरावे’ या सूचना त्या काळी अपुऱ्या नव्हत्या. ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, हे दाखवायला घरात आई, आत्या, नाहीतर सासू होतीच. पुस्तक फक्त आठवण करून देण्यापुरते. आज पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला, शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला, किंवा निवृत्तीनंतर प्रथमच गॅसपाशी उभ्या राहिलेल्या गृहस्थांना हा करार लागू पडत नाही. ‘चवीपुरते मीठ’ वाचून त्यांना काहीच कळत नाही, कारण ती चव कोठवर न्यायची हेच त्यांना ठाऊक नसते. नव्या पुस्तकांचे बरेचसे वेगळेपण या एका बदलातून आलेले आहे.

मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा चांगली दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. तंजावरच्या सरफोजी राजांच्या मुदपाकखान्याशी निगडित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ त्याहूनही आधीच्या काळातले, पण ते राजवाड्यातले. घरोघरच्या चुलीशी त्याचा संबंध नव्हता. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे १९१० सालचे पुस्तक मात्र नावातच आपला वाचक सांगते. या काळातली पुस्तके आज हाती घेतली की पहिली ठेच मापांना लागते. शेर, पावशेर, तोळा, मासा यांच्या हिशेबात आजच्या स्वयंपाकघराला काही उमगत नाही. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम आणि ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे कोष्टक पाठ केले तरी काम भागत नाही. कारण शेर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबईचा शेर या पक्क्या शेराच्या निम्म्याहूनही कमी भरे. १९५६च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आली, तेव्हा जुनी पुस्तके एका अर्थाने परक्या भाषेतली होऊन बसली.

१९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि हा प्रश्न तिने अगदी साध्या मार्गाने सोडवला. तराजू बाजूला ठेवून माप म्हणून घरातली वाटी आणि चमचा घेतला. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झालेल्या या बाईंनी हजारो घरांत जे पोहोचवले, त्याची तुलना व्हावी असे मराठीत दुसरे फारसे काही नाही. पुस्तकाच्या प्रती लाखाच्या पुढे गेल्यावर त्यांना ‘सव्वा लाख सुनांची सासू’ असे कौतुकाने म्हटले जाऊ लागले. मंगला बर्वे यांची ‘अन्नपूर्णा’, जयश्री देशपांडे यांची ‘हमखास पाकसिद्धी’ ही त्यानंतर घराघरांत रुळलेली नावे. ‘हमखास’ हा शब्द शीर्षकात आला, यातच वाचकाची धास्ती कशाची होती ते दिसते. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेही ‘खमंग’ लिहून या प्रांतात पाऊल टाकले होते, हे येथे सांगायला हवे. स्वयंपाकाला कमी लेखणाऱ्या विद्वानांना ते उत्तर पुरेसे आहे.

आता वाटीकडे वळू. वाटी प्रत्येक घरी वेगळी, मग वाटीच्या मापाने केलेला पदार्थ जमतो कसा? तो जमतो, कारण वाटी हे खरे तर माप नसून प्रमाण आहे. उकडीच्या मोदकांसाठी एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, असे म्हटले की वाटी लहान असो वा मोठी, उकड तीच होते. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच कृतीत दोन-तीन पद्धतींची सरमिसळ होते. ‘दोन वाट्या रवा, एक नारळ, पाव किलो साखर आणि सहा वेलदोडे’ असे लिहिले की प्रमाणाची साखळी तुटली. कोकणातला नारळ आणि शहरातल्या भाजीवाल्याकडचा नारळ यांत केवढा फरक असतो! रव्याचे लाडू कधी कडक आणि कधी भुगा का होतात, याचे उत्तर पुष्कळदा करणाऱ्याच्या हातात नसून अशा वाक्यात असते.

इंग्रजी पुस्तकांतल्या कपांचीही अशीच गंमत आहे. सपाट मापाचा आग्रह अमेरिकेत रुजवला तो फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या पुस्तकाने. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा आणि ऑस्ट्रेलियातला २५० मिलिलिटरचा. मोठा चमचा अमेरिकेत १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा. आमटीला याने काही बिघडत नाही. केक मात्र बिघडतो. त्यातून मैदा हा असा पदार्थ आहे की चाळून हलकेच भरला तर कपात सुमारे १२० ग्रॅम मावतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणून भट्टीतल्या पदार्थांची चांगली नवी पुस्तके ग्रॅममध्ये बोलतात. घरात छोटा वजनकाटा नसेल, तर असे पुस्तक घेण्याआधी तो घ्यावा. पोळी-भाजीसाठी त्याची गरज नाही. उगीच सगळ्याच पदार्थांना ग्रॅमचा सोस करणाऱ्या पुस्तकांकडे प्रस्तुत लेखकाला संशयानेच पाहावेसे वाटते. चक्कीवरच्या ताज्या पिठाला आणि पिशवीतल्या पिठाला पाणी सारखे लागत नाही. तेथे आकड्यापेक्षा ‘कानाच्या पाळीइतकी मऊ’ ही जुनी खूणच अधिक अचूक ठरते.

मापानंतरचा दुसरा बदल अधिक मूलगामी आहे. कृती सांगण्याऐवजी कारण सांगणारी पुस्तके गेल्या काही वर्षांत पुढे आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेले समीन नुसरत यांचे ‘सॉल्ट फॅट ॲसिड हीट’ हे त्यांतले सर्वाधिक गाजलेले. इराणी आईवडिलांच्या पोटी कॅलिफोर्नियात वाढलेल्या या लेखिकेने मीठ, स्निग्धांश, आम्ल आणि उष्णता या चार गोष्टींभोवती सारा स्वयंपाक मांडला. पुस्तकाच्या पहिल्या भागात पाककृती जवळजवळ नाहीतच, आणि छायाचित्रांऐवजी रेखाटने आहेत. आपल्याकडे २०२० साली आलेल्या कृश अशोक यांच्या ‘मसाला लॅब’ने हाच विचार भारतीय स्वयंपाकाला लावला. पुस्तक इंग्रजीत आहे, पण विषय आपल्याच ओट्यावरचा आहे.

कारण समजल्याने काय फरक पडतो, हे कांद्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘कांदा पाच मिनिटे परतून तपकिरी करावा’ असे वाक्य असंख्य पुस्तकांत आढळते. ते खरे नाही. कांद्यात पाणी भरपूर असते, आणि जोवर पाणी आहे तोवर कढईतल्या कांद्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. तपकिरी रंग आणि खमंगपणा देणारी अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणजे आधी पाणी उडून जायला हवे, आणि त्याला बऱ्यापैकी कांदा असेल तर पंधरा-वीस मिनिटे लागतातच. पाच मिनिटांत कांदा फार तर पारदर्शक होतो. नवशिका मग आच वाढवतो, कडा करपतात, मध्य कच्चा राहतो आणि रश्शाला कडवट चव येते. दोष आपल्यातच आहे, असे तो समजतो.

आमटीचेही तसेच. वरण शिजल्यावरच चिंच किंवा आमसूल घालायचे, आधी नाही, हा नियम घरोघरी पाळला जातो. त्याचे कारण असे, की आंबटपणामुळे डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सहजी विरघळत नाही आणि डाळ बोटचेपी होत नाही. पाणी जड असेल, त्यात चुना अधिक असेल, तरीही हेच घडते. म्हणून बोअरच्या पाण्यात डाळ हटवादीपणा करते. फोडणी तेलातच का, तर हिंग, मोहरी, जिरे यांतली सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात कितीतरी अधिक उतरतात. आजीने हे सारे अनुभवाने जाणले होते. तिने नियम सांगितला, पण तिला कोणी कारण विचारले नाही, आणि शहरातल्या नातीला नियमच कोणी सांगितला नाही. अशा वेळी कारण सांगणारे पुस्तक अधिक उपयोगी पडते, कारण एका कारणातून दहा नियम पुन्हा उभे करता येतात.

कुकरच्या शिट्ट्यांबद्दल दोन शब्द. ‘तीन शिट्ट्या काढाव्यात’ हे आपल्याकडचे सर्वमान्य माप असले, तरी ते फार फसवे आहे. काही कुकर वारंवार शिट्टी देतात, काही दाब धरून ठेवतात. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर सावकाश. पूर्ण दाबाला आत तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, आणि पदार्थ शिजतो तो त्या तापमानाला किती मिनिटे राहिला यावर. म्हणून दाब आल्यावर आच कमी करून मिनिटे मोजा, असे सांगणारे पुस्तक अधिक विश्वासाचे. (उघड्या पातेल्यात शिजवायचे झाल्यास महाबळेश्वरी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तेथे सुट्टीला जाऊन डाळ शिजेना म्हणून डाळीला बोल लावण्यात अर्थ नाही.)

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ‘मराठी स्वयंपाक’ म्हणून जो पुस्तकांत आला, तो कोणाचा? बराच काळ त्याचे उत्तर मुख्यतः पांढरपेशा, शहरी घरांचा, असे होते. गोडा मसाला, अळूची भाजी, पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी हे सारे रास्तच. पण खानदेशातले कळण्याचे पीठ, वऱ्हाडी रस्से, मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरचे अन्न पुस्तकात आलेच तर ‘काही वेगळे पदार्थ’ या सदराखाली. सारस्वत महिला समाजाच्या ‘रसचंद्रिका’ने चित्रापूर सारस्वतांचे पदार्थ जपले. तथापि ज्या समाजांकडे महिला मंडळे आणि छापखाने नव्हते, त्यांच्या स्वयंपाकाचे काय?

त्या दिशेने झालेल्या कामात पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात डॉ. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिद्ध केलेले २००९ सालचे ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे लहानसे पुस्तक उल्लेखनीय आहे. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मराठीत आले. शीर्षकातला एक ‘अ’ बरेच काही सांगून जातो. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे अन्न, त्यातले वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांसारखे टिकाऊ पदार्थ, तेल-तुपाची वानवा असताना रांधण्याच्या युक्त्या, आणि कोणाच्या वाट्याला कोणते अन्न आले याचा रोखठोक हिशेब त्यात आहे. पाककृती आहेत, पण त्या अवतीभवतीच्या जगण्यापासून तोडलेल्या नाहीत. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने केला आणि देशभरातल्या इंग्रजी वाचकांत त्याची चर्चा झाली. मराठी वाचकांपैकी कित्येकांना मूळ पुस्तक अनुवादामुळे कळले, ही आपल्या वाचनव्यवहाराविषयी फार अभिमानाची गोष्ट नव्हे. ते पुस्तक प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात वापरात येईलच असे नाही. ते वाचल्यावर मात्र ‘पारंपरिक मराठी थाळी’ हे शब्द पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारता येत नाहीत.

इंग्रजीतून मराठी स्वयंपाक मांडणारी दोन पुस्तके येथे नोंदवली पाहिजेत. कौमुदी मराठे यांचे ‘द इसेन्शियल मराठी कुकबुक’ २००९ सालचे, आणि सई कोरान्ने-खांडेकर यांचे ‘पंगत’ २०१९ सालचे. दुसऱ्याची व्याप्ती मोठी आहे. वेगवेगळ्या भागांतील व समाजांतील मराठी स्वयंपाकघरे एकत्र आणण्याचा त्यात सायास आहे. परदेशात वाढलेल्या, मराठी बोलता येते पण वाचता येत नाही अशा पिढीसाठी ही पुस्तके मोलाची आहेत. आपली मुले आपलेच जेवण परभाषेतून शिकणार, याची कोणाला खंत वाटेल. ती शिकणारच नाहीत, यापेक्षा हे पुष्कळ बरे.

जुन्या पुस्तकाला नवे रूप देण्याचा एक फार चांगला नमुना तेलुगूतून आला आहे. अर्चना पिडतला यांच्या आजीने १९७४ साली तेलुगूत पाकपुस्तक लिहिले होते. नातीने ते पदार्थ स्वतः करून पाहत, मापे बसवत, २०१६ साली ‘फाइव्ह मॉर्सल्स ऑफ लव्ह’ हे इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. नुसते भाषांतर करून हे साधले नसते. तमिळमध्ये मीनाक्षी अम्माळ यांचे १९५१ सालचे ‘समैत्तु पार’, म्हणजे ‘करून पाहा’, आजही नव्या आवृत्त्यांत वाचले जाते. मराठीत ‘गृहिणी-मित्र’सारख्या पुस्तकाची, प्रत्येक कृती आजच्या गॅसवर करून, आजच्या मापात बसवून, टिपांसह आवृत्ती कोणी काढली, तर तिला वाचक नक्कीच लाभतील. घरोघरी आजीच्या वह्या आहेत, त्यांचीही हीच गत आहे. वहीत ‘दोन मुठी’ असे लिहिलेले असते आणि ती मूठ आता नसते. आजी हयात असेल, तर एकदा तिची मूठ वाटीत रिकामी करून माप लिहून ठेवण्याचे काम पाच मिनिटांचे आहे.

दुकानात पुस्तक चाळताना काय पाहावे? छायाचित्रे शेवटी पाहावीत. प्रथम आपल्याला उत्तम येणारा एखादा पदार्थ त्यात काढून वाचावा. साबुदाण्याची खिचडी येत असेल, तर साबुदाणा भिजवताना पाणी किती ठेवायचे, किती वेळ, आणि मुख्य म्हणजे तो भिजला हे ओळखायचे कसे, हे लिहिले आहे का? बोटांनी दाबल्यावर दाणा सहज चेपला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. एवढे एक वाक्य नसेल, तर लेखकाने ती कृती स्वतः केली असेल, पण नवशिक्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नाही. पाकाच्या पदार्थांत ‘दहा मिनिटे उकळावे’ एवढेच असेल, तर पुढे जाऊ नये. एकतारी, दोनतारी, गोळीबंद या खुणा हव्यातच. मिनिटे ही पातेल्याच्या रुंदीवर आणि आचेवर बदलतात. पदार्थ किती जणांना पुरेल, पातेले केवढे हवे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यावर काय करावे, हे सांगणारे पुस्तक दुप्पट किमतीलाही स्वस्त.

संगणकाने जुळवलेली, लेखकाचा ठावठिकाणा नसलेली पाकपुस्तके अलीकडे ऑनलाइन दुकानांत शिरली आहेत, हेही ध्यानात ठेवावे. त्यांतल्या कृती वाचायला सफाईदार असतात, पण कोणी त्या रांधलेल्या नसतात. लेखक कोण, कोणत्या भागातला, कृती कोणाकडून आली, हे प्रस्तावनेत सापडत नसेल तर पैसे खिशात राहू द्यावेत.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी. पुस्तक ओट्यावर उघडे राहते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. हात पिठाचे असताना पान मिटले की वैताग येतो. आणि शेवटी सूची आहे का तेही पाहावे. मराठी पाकपुस्तके यात फार कंजूष आहेत. अनुक्रमणिकेत ‘भाज्या’ असा विभाग असतो, पण घरात दोन वांगी आणि वाटीभर तुरीचे दाणे उरले आहेत, त्यांचे काय करता येईल, हे शोधायला वाट नसते. तोवर मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपली आपण सूची करावी, आणि जमलेल्या कृतीसमोर आपल्या घरच्या चवीला मीठ किती चमचे लागले, तेही लिहून ठेवावे.